डॉ. कोटणीसांचा धडा अर्धाच का शिकवायचा?

डॉ. द्वारकानाथ कोटणीस म्हटलं की मुलं घडाघडा सांगतात: सोलापूरचे, चीनला गेले, जखमींची सेवा केली, तिथेच वारले. पण ‘ते जखमी कुणामुळे झाले होते?’ असं विचारलं की वर्ग गप्प! माझ्या मते धडा तिथूनच सुरू व्हायला हवा.

जपानकडे कारखाने होते, पण त्यांना लागणारं तेल आणि लोहखनिज पुरेसं नव्हतं. १९३१ मध्ये त्याने मांचुरिया घेतला, जुलै १९३७ पासून चीनवर मोठं युद्ध लादलं. चीनचा कच्चा माल आणि बाजारपेठ ताब्यात घ्यायची, आशियात आपलं वर्चस्व आणायचं, हा हेतू. चीन मात्र झुकला नाही. लांबलेल्या युद्धाला तेल लागे आणि ते मुख्यतः अमेरिकेकडून येई. १९४१ मध्ये अमेरिकेने ते बंद केलं. मग जपानची नजर गेली इंडोनेशियातल्या तेलाकडे. अमेरिकेचं आरमार आडवं येऊ नये म्हणून डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला. १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, रंगून पडलं, आपल्याकडे येणारा ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला. मिठबावच्या मुलांना समुद्र आणि भात दोन्ही कळतात. नकाशा समोर ठेवला की हे सगळं त्यांना पटकन उमगतं.

आता अवघड भाग. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर चीनला पाठवले, तेव्हा अध्यक्ष होते सुभाषबाबू. त्याआधी, १९३७ मध्ये, त्यांनी जपानच्या आक्रमणावर टीका करणारा लेखही लिहिला होता. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले, वय अवघं ३२. आणि १९४३ मध्ये नेताजींनी आझाद हिंद सेनेसाठी त्याच जपानची मदत घेतली! ‘मग जपान चांगला की वाईट?’ असं एखादं मूल विचारणारच.

हा प्रश्न टाळू नका. नेताजींना देश स्वतंत्र करायचा होता, जपानला स्वतःचं साम्राज्य वाढवायचं होतं. शत्रू एक होता, हेतू एक नव्हते. ‘आशिया आशियाईंचा’ म्हणणाऱ्या जपानी सैन्यानेच नानजिंगमध्ये कत्तल केली, हेही सांगावं लागेल. त्याने नेताजी लहान होतात, असं काही पालकांना वाटेल. मला तसं वाटत नाही. किती कठीण निवड त्यांच्यापुढे होती, हे उलट मुलांना समजेल. आणि कोटणीस नुसते ‘सेवाभावी’ नव्हते, आक्रमणाविरुद्ध उभ्या असलेल्या लोकांच्या बाजूने ते गेले होते, हेही कळेल.

हा धडा परीक्षेत चार गुणांचा असेल, पण घोषणा आणि हेतू वेगळे ओळखणं मुलांना आयुष्यभर पुरेल.