‘ढोरांचा डॉक्टर’ आणि आपली गोभक्ती

पोळ्याच्या दिवशी खानदेशात बैलांच्या शिंगांना रंग लागतो, पाठीवर झूल चढते आणि घरची माउली त्यांचे पाय धुऊन त्यांना पुरणपोळी भरवते. वसुबारसेला हाच मान सवत्स धेनूला मिळतो. पशूच्या ठायी देवत्व पाहणाऱ्या या संस्कृतीचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु त्याच गाईचे वासरू मध्यरात्री आडवे आले की आपण ज्याच्या दाराशी धावतो, त्या पशुवैद्याला आपल्या मनात कोणते स्थान आहे? जळगाव-धुळ्याकडे त्याला सर्रास ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणतात. शब्द साधाच आहे. पण तो उच्चारताना आपला स्वर किंचित खाली येतो. हा स्वर खाली का येतो, याचा विचार गोभक्त म्हणवणाऱ्यांनी तरी केला पाहिजे.

तालुक्याच्या गावातील गुरांचा दवाखाना म्हणजे दोन-तीन खोल्या, अंगणात लोखंडी खोडा आणि निंबाच्या सावलीत बांधलेली जनावरे. तेथे पशुधन विकास अधिकारी असतो, त्याच्या हाताखाली पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक आणि परिचर. ही माणसे बहुधा शेतकऱ्याच्या, मेंढपाळाच्या वा शेतमजुराच्या घरातून आलेली असतात. ज्या हातांनी लहानपणी गोठा साफ केला, तेच हात पुढे शस्त्रक्रियेची सुरी धरतात. हा प्रवास सोपा नव्हता. महाराष्ट्रातील पहिली पाच पशुवैद्यकीय महाविद्यालये मुंबई (१८८६), नागपूर (१९५८), परभणी (१९७२), उदगीर (१९८७) आणि शिरवळ (१९८८) येथे निघाली. त्यांपैकी एकही खानदेशात नव्हते. रावेर वा साक्रीच्या तरुणाला ही विद्या घेण्यासाठी घर सोडून दूर जावे लागले. अभ्यासक्रमही थोडाथोडका नाही. आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा, म्हणजे माणसांच्या डॉक्टराइतकाच. आता शेतकऱ्यांच्या मुलीही या विद्येकडे वळत आहेत आणि मारक्या बैलाच्या नाकात वेसण असो वा नसो, त्याला टोचायला कचरत नाहीत.

मग कमीपणा आला कोठून? आपल्या परंपरेत तो खासच नव्हता. अश्ववैद्यकाचा आचार्य म्हणून शालिहोत्राचे आणि गजवैद्यकाचा आचार्य म्हणून पालकाप्याचे नाव आदराने घेतले जाते. अज्ञातवासात विराटाघरी नकुलाने अश्वांची आणि सहदेवाने गाईंची सेवा पत्करली. त्यात त्या राजपुत्रांना लाज वाटली नाही. पुढे मात्र रक्त, वार आणि मृत देह यांना स्पर्श करण्याचे काम आपण आपल्याच काही बांधवांवर ढकलले आणि ते काम करतात म्हणून त्यांनाच दूर ठेवले. गाय पूज्य, पण तिच्या कलेवराला हात लावणारा अपवित्र, हा विपरीत न्याय हिंदू समाजाने शतकानुशतके चालवला. आज पदवी आली, शासकीय पद आले. तरी शेणा-रक्तात हात घालणाऱ्या डॉक्टराकडे पाहताना नाक मुरडले जाते, ते त्याच जुन्या पापाचे अवशेष आहेत. समरसतेचा विचार मांडणाऱ्यांनी हे स्पष्टपणे कबूल केले पाहिजे.

या माणसांचे मोल खानदेशाने अलीकडेच अनुभवले आहे. ४ ऑगस्ट २०२२ रोजी लम्पी चर्मरोगाच्या त्या वर्षीच्या साथीतील राज्यातील पहिला रुग्ण आढळला, तो रावेर तालुक्यातील चिनावल या गावी. माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरणारा हा रोग. अंगावर गाठी, ताप, पायांना सूज. पोळा तोंडावर आला होता आणि गोठ्यागोठ्यात भय होते. त्या काळात शेळ्यांच्या देवीची लस घेऊन पशुवैद्य आणि पर्यवेक्षक गावोगाव फिरले. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात सुमारे १ कोटी ३९ लाख गोवंश होता. काही महिन्यांत त्यातील बहुतेकांपर्यंत लस पोचली. हे काम घोषणांनी झाले नाही. एकेका जनावराला धरून, एकेक सुई टोचून झाले. शिवाय या व्यवसायात स्वतःच्या जिवाचीही जोखीम असते. अडलेली वार काढताना ब्रुसेलाची बाधा डॉक्टरालाच होऊ शकते. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेचे भय वेगळेच.

गोरक्षणासाठी आपल्या कार्यकर्त्यांनी मोठी तपश्चर्या केली आहे. १९५२ चे स्वाक्षरी आंदोलन, १९६६ चे दिल्लीतील आंदोलन आणि महाराष्ट्रात १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या सुधारणेला २०१५ मध्ये मिळालेली राष्ट्रपतींची संमती, ही त्या वाटेवरची ठिकाणे आहेत. परंतु कायदा गाईला सुरीपासून वाचवतो. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत आणि काससुजीपासून वाचवू शकत नाही. भाकड गाय आणि थकलेला बैल अधिक काळ जगणार असतील, तर त्यांना वैद्यही अधिक लागणार. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्य असावा असे सुचवले होते. रस्त्यावर वाहन अडवणारा कार्यकर्ता आपल्या गावच्या दवाखान्यातील पद रिकामे आहे की भरलेले, हे विचारतो का?

करता येण्याजोगे पुष्कळ आहे. लसीकरणाच्या दिवशी जनावरे धरण्यासाठी गावातील तरुणांनी उभे राहावे. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस मिळाली की नाही, याची चौकशी करावी. साक्री भागातील ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन दूर जातात. निघण्यापूर्वी त्यांच्या मेंढ्यांची तपासणी व्हावी, यासाठी दुवा व्हावे. रिक्त पदांसाठी जिल्हा परिषदेकडे पाठपुरावा करावा. आणि मध्यमवर्गीय घरांनी आपल्या मुलाने वा मुलीने पशुवैद्यक निवडले, तर ‘एमबीबीएसला नंबर लागला नाही वाटते’ असे म्हणणे सोडावे. सोयरीक जुळवताना ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणून स्थळ नाकारणाऱ्या घराने वसुबारसेला गाईसमोर हात जोडताना क्षणभर अंतर्मुख व्हावे.

येत्या पोळ्याला बैलाला ओवाळून झाले की त्याच तबकातील कुंकू गावच्या पशुवैद्याच्या कपाळीही लावू या. गोमातेची खरी पूजा तिच्या वैद्याचा सन्मान केल्यावाचून पूर्ण होणार नाही.