विद्यापीठ कोणते, हा दुसरा प्रश्न

बारावीचा निकाल लागला म्हणजे आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत जी खलबते सुरू होतात, त्यांत अलीकडे ‘केंद्रीय की राज्य’ या वादाची भर पडली आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवीप्रवेशासाठी २०२२ साली ‘सीयूईटी’ ही सामायिक परीक्षा सुरू झाली, आणि दिल्ली, हैदराबाद, बनारस येथील ज्या विद्यापीठांची नावे धुळ्या-लातूरच्या विद्यार्थ्यास पूर्वी केवळ वर्तमानपत्रांतून ऐकून माहीत असत, त्यांचा अर्ज तो आता घरबसल्या भरू लागला. इतकेच नव्हे, तर प्रश्नपत्रिकाही त्याला मराठीतून मागता येते. ही सोय स्वागतार्ह आहे, यात संशय नाही. परंतु या सोयीपाठोपाठ अशी एक समजूत रूढ होऊ पाहत आहे की, ज्या विद्यापीठाचा खर्च दिल्लीच्या तिजोरीतून चालतो ते श्रेष्ठ, आणि ज्याचा मुंबईच्या तिजोरीतून चालतो ते कनिष्ठ. ही समजूत भ्रामक आहे, आणि तिच्यापायी अनेक कुटुंबे चुकीच्या प्रश्नावर आपली सर्व शक्ती वेचीत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सार्वजनिक विद्यापीठांतील खरा भेद पैसा कोण पुरवितो हा नसून, शिकवितो कोण आणि परीक्षा घेतो कोण, हा आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाले, आणि त्या नमुन्याचे मर्मच असे होते की, महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवीची सनद द्यावी. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांस स्वतः अध्यापन करण्याचा मार्ग मोकळा करून दिला खरा. तथापि मुंबईत पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग उभा राहावयास १९१९ साल उजाडावे लागले. पुढे १९४९ साली पुण्यास, १९५८ साली मराठवाड्यात आणि १९६२ साली कोल्हापुरास विद्यापीठे निघाली. त्यांनी पदव्युत्तर अध्यापनाचे विभाग आस्थेने उभारले, त्यांतील काहींनी देशभर लौकिकही मिळविला. परंतु पदवीपर्यंतच्या शिक्षणाचा गाडा मात्र त्या जुन्या, संलग्न महाविद्यालयांच्याच चाकोरीतून चालत राहिला.

याचा परिणाम असा की, पुणे विद्यापीठाचा म्हणविणारा बहुसंख्य पदवीधर गणेशखिंडीतील आवारात एखाद्या दाखल्यापुरताच येऊन गेलेला असतो. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतील शेकडो महाविद्यालयांत एकच अभ्यासक्रम चालतो आणि बहुतेकांच्या पदवीपत्रावर एकच मुद्रा उमटते. पण एकीकडे १८८५ साली स्थापन झालेल्या फर्ग्युसनसारखे, स्वायत्तता मिळवून आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा आपणच ठरविणारे महाविद्यालय असते, तर दुसरीकडे तालुक्याच्या गावी असे एखादे महाविद्यालय असते की जेथील निम्मा अध्यापकवर्ग तासिका तत्त्वावर, म्हणजे घड्याळी तासाच्या मोबदल्यावर, वर्षानुवर्षे राबत असून दुसऱ्या गावच्या तासाला वेळेवर पोहोचण्याच्या विवंचनेत फळ्यावरचे गणित अर्धवट सोडून एस. टी. गाठीत असतो. दोष त्या अध्यापकाचा नाही. त्याचा पगार ज्या हिशेबाने निघतो त्या हिशेबाचा आहे. मात्र ज्या विद्यार्थ्याची तीन-चार वर्षे त्याच्या हाती सोपविली जातात, त्याने हे आधी जाणून घेऊ नये काय?

उलट हैदराबादचे १९७४ सालचे केंद्रीय विद्यापीठ किंवा दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ यांची घडण एकात्म आहे. जो शिकवितो तोच प्रश्नपत्रिका काढतो, तोच उत्तरे तपासतो, आणि विद्यार्थी त्याच्या दाराशी जाऊन वादही घालू शकतो. या विद्यापीठांचा जो दबदबा आहे तो या घडणीतून आलेला आहे. त्यांच्या नावामागील ‘केंद्रीय’ या विशेषणातून नव्हे. याचा पुरावा दिल्ली विद्यापीठच देते. तेही केंद्रीयच, पण तेथील पदवीचा विद्यार्थी महाविद्यालयात शिकतो, आणि त्या महाविद्यालयांत परस्परांत अंतर किती आहे, हे तेथे मुलांना धाडणारे पालक पुरते जाणून असतात.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रवेशपरीक्षा मराठीतून देता येते, पण परराज्यातील वर्गात पाऊल टाकताच इंग्रजीशी, क्वचित हिंदीशी, गाठ पडते. आणि मराठी माध्यमातून उत्तम गुण मिळवून गेलेली मुले पहिले सत्र केवळ ऐकलेले समजून घेण्यात घालवितात. आपल्या विद्यापीठांत कला शाखेच्या अनेक विषयांची उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा आहे, आणि नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून मराठीत जी पाठ्यपुस्तके सिद्ध केली त्यांचा आधार नियमित महाविद्यालयांतील विद्यार्थीही निमूटपणे घेतात. घर सोडून दूर राहणे हेही एक शिक्षण आहे, हे आम्हांस मान्य आहे; परंतु ते शिक्षण अठराव्या वर्षीच आणि इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकण्याच्या खर्चाने घेतले पाहिजे, असा काही हुकूम नाही.

म्हणून आमची शिफारस अशी की, पहिल्या पदवीसाठी आवाक्यातील उत्तम महाविद्यालय शोधावे आणि दुसऱ्या पदवीसाठी, विषय ठाम झाल्यावर, एकात्म विद्यापीठाची किंवा आपल्याच राज्य विद्यापीठातील विभागाची वाट धरावी. रशियन किंवा जपानी भाषेसारखा विषय पहिल्यापासूनच घ्यावयाचा असेल तर अपवाद अवश्य करावा.

या गोंधळात ज्यांचा विचारही होत नाही अशी चार कृषी विद्यापीठे महाराष्ट्रात आहेत: राहुरीचे १९६८ चे, अकोल्याचे १९६९ चे, आणि परभणी व दापोली येथील १९७२ ची. अध्यापन, संशोधन आणि विस्तारकार्य एकाच आवारात आणण्याची ही अमेरिकी धर्तीची योजना आपल्या मातीत चांगली रुजली. या विद्यापीठांच्या घटक महाविद्यालयांतील विद्यार्थी ज्या शेतावर शिकतो त्याच शेतावर नवे वाण सिद्ध होत असते. शेतकऱ्याच्या घरातही त्यांचे नाव शेवटी निघते, हे विलक्षणच म्हटले पाहिजे. मात्र येथेही घटक कोणते आणि खासगी संलग्न कोणते, हे पाहूनच पसंतीक्रम भरावा. तीच सावधगिरी ‘अभिमत’ या पदवीविषयी: माटुंग्याची १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून निघालेली रसायन तंत्रज्ञान संस्था २००८ पासून अभिमत आहे आणि सार्वजनिक आहे, पण त्याच बिरुदाखाली लाखोंचे शुल्क आकारणारी खासगी विद्यापीठेही नांदत आहेत.

विद्यार्थ्याने एवढी चौकशी करावी ती कोठे, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर सरकारने द्यावयाचे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने मोडीत काढण्याचे योजिले आहे; परंतु तोवर प्रवेश घेणाऱ्या तुकड्यांनी काय करावे, याचा उलगडा त्याने होत नाही. विद्यापीठांच्या स्थानिक चौकशी समित्या संलग्नतेसाठी महाविद्यालयांत जाऊन मंजूर पदे किती, भरलेली किती, ग्रंथालय कसे, प्रयोगशाळा कशी, याची पाहणी करतात, आणि त्यांचे अहवाल कुलसचिवांच्या दफ्तरात बांधून पडतात. हे अहवाल महाविद्यालयवार आणि विषयवार, सुबोध मराठीत, अर्ज भरण्याची मुदत सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी माहितीपुस्तिकेबरोबर छापण्याची सक्ती करावी. आणि जे महाविद्यालय आपल्या विषयास एकही कायम अध्यापक नसल्याची नोंद लपवील, त्याच्या त्या विषयाचे प्रवेश त्या वर्षापुरते थांबवावेत.