शोभेचे चाक आणि रोजचा रस्ता

मोटारीच्या मूळ चाकाहून पुष्कळ रुंद असे मिश्रधातूचे चाक आणावयाचे, त्यावर त्याच्या मानाने अरुंद असा टायर बळेच ताणून बसवावयाचा, गाडीची उंची उतरवून ते चाक मडगार्डच्या कडेशी अगदी लगटून उभे करावयाचे, आणि अशा सजलेल्या गाडीतून रोज कचेरीस जावयाचे, मुलांना शाळेत पोचवावयाचे, सुटी लागली की कोकणात उतरावयाचे, ही हौस जपान, जर्मनी व अमेरिका येथे रुजून आता आपल्याही शहरांत दृष्टीस पडू लागली आहे. या हौसेतील सौंदर्य मला मान्य आहे. चकचकीत रिमची कड, तिच्यावरून तिरपा चढत गेलेला काळा रबर आणि त्याला समांतर वळलेला गाडीचा पत्रा यांचा मेळ ज्याने एकदा जमवला, त्याच्या हातात कारागिरी आहे आणि नजरेत प्रमाणबद्धता आहे. प्रदर्शनाच्या मैदानात किंवा शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर त्या कारागिरीला कोणी अटकाव करू नये, असेच मी म्हणेन. माझी हरकत आहे ती तिच्या सार्वजनिक रस्त्यावरील नित्य वहिवाटीला, आणि ती हरकत अभिरुचीची नसून जीविताची आहे.

आधी यंत्राची बाजू समजून घेऊ. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती भट्टीत लाल होईतो तापवतो, प्रसरण पावलेली धाव लाकडी चाकाभोवती बसवून वर पाणी ओततो, आणि निवताना आकसलेले लोखंड चाकाला वर्षानुवर्षे आवळून धरते. हवेच्या टायरची पकड इतकी स्वयंपूर्ण नाही. त्याच्या दोन्ही आतल्या कडांत पोलादी तारांचे एकेक कडे गुंफलेले असते, त्याला या धंद्यात बीड म्हणतात. हे कडे रिमच्या किंचित उतरत्या बैठकीवर घट्ट बसते हे खरे. परंतु त्याला रिमच्या उभ्या काठाशी सदैव रेटून धरण्याचे काम आतील हवेचा दाब करीत असतो. योग्य रुंदीच्या रिमवर टायरच्या भिंती जवळजवळ उभ्या आणि किंचित बाहेर फुगलेल्या असतात, त्यामुळे त्या दाबाला फारसा विरोध होत नाही. रिम प्रमाणाबाहेर रुंद झाली म्हणजे या भिंती तिरप्या पडतात, त्यांतील धाग्यांचा ताण बीडला आतल्या बाजूस, रिमच्या मधल्या खोलगट भागाकडे ओढू लागतो, आणि हवेला गाडीचे वजन तोलण्याबरोबर ही ओढही अहोरात्र थोपवून धरावी लागते. दाब पुरेसा आहे तोवर ती थोपून राहते. दाब उतरला, आणि नेमके त्याच वेळी घाटातील वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या चाकावर लोटले, तर बीड बैठकीवरून सरकते आणि चाकातील सारी हवा क्षणात निघून जाते.

टायरच्या भिंतीवर २०५/४० आर १७ असे कोरलेले असते, तेव्हा २०५ मिलिमीटर ही त्याची नाममात्र रुंदी, ४० हे भिंतीच्या उंचीचे त्या रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास होय. या मापाच्या टायरसाठी उद्योगाच्या प्रमाण-कोष्टकांत ७ ते ८ इंच रुंदीची रिम विहित केलेली आहे. हौशी मंडळी तोच टायर ९ इंची रिमवर चढवतात; ९ इंच म्हणजे २२८.६ मिलिमीटर, अर्थात टायरच्या नाममात्र रुंदीहून रिमच २३.६ मिलिमीटरांनी अधिक. मापापुढे ८४ हा आकडा असेल, तर विहित दाबाला तो टायर ५०० किलो भार वाहील असे निर्मात्याचे अभिवचन असते. मात्र हे अभिवचन विहित रुंदीच्या हद्दीतच दिलेले आहे. हद्दीबाहेरच्या रिमवर आकडा तेवढा कोरलेला राहतो, त्यामागचा जामीनदार उरत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या आधी महामार्गालगतच्या एका दुकानात असा टायर बसवताना मी जवळून पाहिला. यंत्राने एक बाजू रिमवर चढली, दुसरी काही केल्या काठापर्यंत पोचेना, कारण मध्ये एवढे अंतर उरले होते की हवा भरताच ती त्या फटीतून निसटून जात होती. तेव्हा कामावरच्या मुलाने टायरच्या पोकळीत ज्वालाग्राही फवारा मारला, दोन पावले मागे सरून काडी टाकली, आणि मोठा आवाज होऊन निळसर ज्वाळेसरशी रबर काठावर जाऊन बसला. भोवतालच्या तरुणांनी टाळ्या वाजवल्या. त्या स्फोटाने आतले अस्तर भाजले का, बीडच्या तारांपैकी एखादी दुखावली का, हे कोणी पाहिले नाही, आणि बाहेरून ते दिसणारही नव्हते. तो मुलगा तर डोळ्यांवर साधा चश्माही न घालता हे काम करीत होता. शेजारीच त्या गाडीचा जुना टायर पडला होता. त्याच्या बाहेरच्या बाजूच्या नक्षीला अजून चांगली खोली होती, आणि आतल्या कडेचा रबर पार झिजून पोलादी तारा वर आलेल्या होत्या. बोट फिरवले तर टोचत होत्या. रुंद चाक मडगार्डखाली मावावे म्हणून ते वरच्या बाजूने आत कलवावे लागते, मग गाडीचे वजन टायरच्या आतल्या कडेवर एकवटते, आणि ही कड गाडीच्या पोटाखाली असल्याने मालकाच्या दृष्टीस कधीच पडत नाही. त्या चार बोटे रुंदीच्या पट्टीवर एक कुटुंब कित्येक महिने हिंडत होते.

या पद्धतीचे समर्थक सांगतात की ताणलेल्या टायरची भिंत लवत नाही, म्हणून सुकाणू हलवताच गाडी तत्काळ प्रतिसाद देते. आणि आम्ही वर्षानुवर्षे असेच चालवतो, बीड कधी सुटलेली नाही. पहिले विधान सत्य आहे. जपानच्या घाटांतून आणि पुढे शर्यतीच्या मार्गांवरून मागची चाके घसरवत वळणे घेण्याचा जो खेळ वाढला, त्यात या गुणाचा उपयोग केला गेला आहे. परंतु तो खेळाडू प्रत्येक फेरीआधी दाब मोजतो, फरशीसारख्या गुळगुळीत डांबरावर चालवतो, झिजलेला टायर त्याच दिवशी फेकून देतो, आणि त्याच्या मागच्या आसनावर झोपलेले मूल नसते. दुसऱ्या विधानाला उत्तर रस्ताच देतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेने गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि वाहनाच्या दिशेने त्याची लांबी ३.७ मीटर ठरवली होती. आपल्या गावोगावचे गतिरोधक या मापाचे नाहीत, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा आणि साधे डबके यांत भेद करता येत नाही. उखडलेले पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या पातळीहून वर आलेली गटाराची झाकणे, डांबर व काँक्रीट यांच्या सांध्यावरील धारदार पायरी हे तर बारमाही आहे. सामान्य टायरची फुगीर भिंत असा आघात स्वतः झेलते आणि रिमच्या काठालाही आडोसा देते. ताणलेल्या टायरवर रिमचा काठ उघडा पडतो, अवघ्या ८२ मिलिमीटरची भिंत तिरपी होऊन आणखी बुटकी होते, आणि आघात थेट धातूवर बसतो. काठ वाकला की बीडपाशी बारीक फट पडून हवा हळूहळू झिरपू लागते.

आणि या झिरपण्याची वार्ता देणारी एक जुनी खूणही येथे नाहीशी झालेली असते. साध्या टायरची हवा उतरली की त्याची भिंत खाली पसरलेली दिसते, पानपट्टीवाला देखील चालकास हाक मारून सांगतो की मागच्या चाकात हवा कमी आहे. ताणलेला टायर दाब निम्म्यावर आला तरी तसाच ताठ दिसतो. रोजच्या वापराचा खरा धोका माझ्या मते येथे आहे, कारण जो मनुष्य वर्षभर, घाईच्या सकाळी, दमलेल्या संध्याकाळी, कधी स्वतः तर कधी धाकट्या भावाच्या हाती गाडी देऊन प्रवास करतो, त्याच्याकडून प्रत्येक वेळी दाबमापक लावण्याची अपेक्षा करणे म्हणजे मनुष्यस्वभावाविरुद्ध पैज लावणे आहे.

ज्या देशांतून ही हौस आली तेथे तिच्याबरोबर तिचा लगामही वाढला, तो मात्र आपण आणला नाही. ऑस्ट्रियातील वोर्थरझे सरोवराकाठी १९८२ पासून फोक्सवॅगनच्या हौशी मालकांचा मोठा मेळा भरत असे, आणि तेथे अशा चाकांना मानाचे स्थान असे. तीच वाहने जर्मनीच्या रस्त्यावर चालवावयाची तर रिमची रुंदी व टायरचे माप यांची सांगड निर्मात्यास मान्य असल्याचा लेखी दाखला परीक्षकापुढे ठेवावा लागतो, आणि एखाद्या बदलामुळे इतर वाटसरूंना धोका संभवत असेल तर त्या वाहनाची वापर-मान्यताच लोपते, असा तेथील वाहन-नियमावलीच्या १९ व्या कलमाचा आशय आहे. जपानमध्ये योकोहामाच्या दाइकोकू वाहनतळावर रात्री जमणाऱ्या गाड्या पाहून आपल्याकडील तरुण हरखतात. परंतु तेथील खाजगी मोटारीला पहिल्या तीन वर्षांनंतर आणि पुढे दर दोन वर्षांनी सक्तीच्या तपासणीस उभे राहावे लागते, आणि जमिनीपासून ९ सेंटिमीटरांहून खाली आलेली गाडी तेथे नापास होते.

आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते, आणि त्या दीर्घ काळात तिचे चाक पाहण्यासाठी कोणीही सरकारी मनुष्य तिला बोलावीत नाही. प्रदूषणाचा दाखला मिळतो तो केवळ धुराचा. कायदा कमी कडक आहे असे नव्हे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे ५२ वे कलम निर्मात्याने ठरवलेल्या व नोंदणीपत्रात नमूद झालेल्या तपशिलांत परस्पर बदल करण्यास मनाई करते, सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात त्या मनाईचा कठोर अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. पण व्यवहारात होते ते असे की चौकातील शिपायाला काळी काच व कर्कश भोंगा कळतो, म्हणून त्यांची पावती फाटते. रिमची रुंदी त्याने कशी जोखावी, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. दुसरीकडे, जो मालक मर्यादेत राहून, विहित हद्दीतील रिम बसवून प्रामाणिकपणे नोंद करू इच्छितो, त्याला कोणत्या खिडकीवर जावे याचा पत्ता लागत नाही. निर्दोष बदल आणि घातक बदल दोन्ही एकाच संशयाखाली राहतात, आणि घातक बदल करणाऱ्याला त्या गर्दीत लपून जाणे सोपे होते.

म्हणून माझी मागणी आणखी कडक कलमाची नाही. पंधरा वर्षांच्या त्या काळात चाकाला हात लावणारा एकच जाणकार मनुष्य असतो, तो म्हणजे टायरचा दुकानदार, आणि सध्या त्याच्यावर कोणतेही उत्तरदायित्व नाही. त्याने दिलेल्या प्रत्येक बिलावर टायरचे माप, रिमची रुंदी आणि त्या टायरसाठी विहित असलेली रुंदीची हद्द या तिन्ही गोष्टी त्याच्या शिक्क्यासह लिहिल्या जाव्यात, आणि हद्दीबाहेरची जोडणी रस्त्यावरील वाहनाला करून देणे हा दुकानदाराचाही अपराध ठरावा. काडी टाकून टायर बसवण्याची रीत तर कामगाराच्या संरक्षणासाठीच तत्काळ बंद झाली पाहिजे. याच्या जोडीला प्रादेशिक परिवहन कार्यालयांनी हद्दीतील बदलांस नोंद व मान्यता देणारी साधी, ठराविक मुदतीत निकाली निघणारी तजवीज करावी. कौशल्याला राजमार्ग मिळाला म्हणजे चोरवाट धरणारे आपोआप निराळे दिसू लागतील. ज्यांना ताणलेल्या चाकांचीच शोभा प्रिय आहे, त्यांनी त्यांचा एक वेगळा संच प्रदर्शनासाठी राखावा, गाडी वाहनावर लादून मैदानापर्यंत न्यावी, आणि रोजच्या प्रवासाला निर्मात्याने नेमून दिलेले चाक लावावे. खर्च वाढेल हे मी जाणतो. पण अशा चाकांवर जो पैसा वेचला जातो त्याच्या पुढे तो अवाजवी नाही. अपघात झालाच तर विमा कंपनीस न कळवता केलेल्या बदलामुळे दावा अडचणीत येतो, याचाही विचार घरातील कर्त्या मनुष्याने करावा.

समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी असा खुला झाल्यानंतर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायरची तपासणी हाती घेतली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या अडवल्या. नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, ती पाहण्यासाठी निरीक्षक खाली वाकतोच. त्याच वेळी त्याने हात आत घालून टायरची आतली कड चाचपावी, रिमवर सहसा ओतकामातच उमटवलेला ‘९ जे’ किंवा ‘७ जे’ असा रुंदीचा आकडा वाचावा, आणि तो टायरच्या मापाशी ताडून पाहण्यासाठी एका पानाचे कोष्टक त्याच्या खिशात असावे. असे कोष्टक छापून सर्व निरीक्षकांना आणि टायरच्या दुकानांना वाटण्याचा हुकूम परिवहन आयुक्तांनी येत्या पावसाळ्यापूर्वी काढावा.