दिवा आपला, डोळे समोरच्याचे

मैत्रिणींनो, "आता ह्या बाईनं मोटारीच्या दिव्यांवरही लिहायला घेतलं का?" असं तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील. म्हणा बापड्या! दोन महिन्यांपूर्वी मीही तेच म्हटलं असतं. स्वयंपाकघर, मुलांचा अभ्यास नि शाळेच्या वह्या हे माझं खातं; गाडी हे ह्यांचं. पण डिसेंबरात गुडघा फोडून घेतला आणि तेव्हापासून त्या खात्यातही लक्ष घालायला लागले.

झालं असं. दसऱ्याला आम्ही एक जुनी मोटार घेतली. बारा वर्षं वापरलेली, पण इंजिन ठणठणीत. एकच तक्रार होती, रात्री कऱ्हाडहून गावी परतताना दिवे अगदी मंद वाटायचे. माझे सासरे, आण्णा, मागं बसून म्हणाले, "अरे, ह्यापेक्षा आपला कंदील बरा होता." हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नव्हती ती. उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यावर भरलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात आणि कित्येकींना मागं लाल दिवा तर सोडाच, साधी चमकपट्टीसुद्धा नसते.

ह्यांनी बाजारातून झगझगीत पांढरे एलईडी बल्ब आणले आणि जुन्या दिव्यांतच बसवून घेतले. संध्याकाळी अंगणात गाडी उभी करून दिवे लावले, तर समोरचा गोठा दिवसासारखा उजळला! मुलांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं, "अहो, आता काळजी मिटली."

पुढच्याच आठवड्यात मी शाळेतून स्कूटरवर घरी येत होते. डिसेंबरातली संध्याकाळ, सव्वासहालाच अंधारून आलेलं. पुलाजवळच्या वळणावर समोरून एक गाडी आली, आणि तिच्या उजेडानं माझ्या डोळ्यांपुढं नुसता पांढरा पडदा आला. रस्ता दिसेना, कड दिसेना. मी ब्रेक दाबून डावीकडं घेतलं, चाक मातीत घसरलं आणि मी आडवी. सहामाहीचे पेपर सगळे चिखलात! उठून पाहते तर हातभर अंतरावर उसाची ट्रॉली उभी. आणखी थोडी पुढं गेले असते तर आज हे लिहायला बसले नसते.

घरी येऊन गुडघ्याला हळद लावत सगळं सांगितलं. हे ऐकता ऐकता एकदम गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "अगं, सव्वासहाला त्या वळणावरून मीच गेलो. कडेला एक स्कूटर दिसली होती. वाटलं, कुणी फोनवर बोलायला थांबलंय." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पण मला तर रस्ता लख्ख दिसत होता."

तेच तर! त्यांना लख्ख दिसत होता, म्हणूनच मला दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वायरिंगचं काम करणाऱ्या चाचांकडं गेलो. त्यांची नात माझ्या वर्गात आहे. त्यांनी एक टूलबॉक्स पुढं ओढून मला त्यावर बसवलं आणि जुना बल्ब हातात देऊन वर्गात शिकवावं तसं समजावलं. ते तुम्हालाही सांगते.

बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत 'एच-४' नावाचा हॅलोजन बल्ब असतो. हा १९७१ सालापासून वापरात आहे. त्याच्या पोटात दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिप्परची. डिप्परच्या तारेखाली पळीसारखा एक छोटा पत्रा असतो. तो खाली जाणारा उजेड अडवतो, म्हणून आरशावरून परतलेला प्रकाश वर, समोरच्याच्या डोळ्यांकडं जात नाही. दिव्याचा आरसा त्या तारांच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. हातातल्या जुन्या बॅटरीचं तोंड फिरवलं की झोत कसा विस्कटतो, आठवतं ना? तसंच इथं होतं. एलईडीची टिकली तारेहून वेगळ्या आकाराची; ती जरा इकडं-तिकडं बसली की उजेड भलतीकडं उधळतो. गाडीच्या पुढ्यात पांढराशुभ्र सडा पडतो, म्हणून आपल्याला वाटतं खूप दिसतंय. पण लांबचं, जिथलं दिसायला हवं, तिथं उजेड पुरेसा पोचतोच असं नाही. कंपनीतूनच एलईडी दिवे घेऊन येणाऱ्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांचा अख्खा दिवाच त्या हिशेबानं बनवलेला असतो.

"बाई, बल्ब मोठा करू नका, आहे तो दिवा आधी निरोगी करा," चाचा म्हणाले. आमच्या गाडीत त्यांनी चार दुखणी काढली. जुनी गाडी असेल तर ती तुमच्याकडंही निघण्याचा संभव आहे, म्हणून क्रमानं देते.

पहिलं, पिवळी काच. ही खरं तर काच नसतेच, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. वरचा संरक्षक थर उन्हानं गेला की ते पिवळं, धुरकट होतं. टूथपेस्ट घासायचा उपाय सगळीकडं सांगतात. त्यानं चार दिवस बरं दिसतं, पुन्हा जैसे थे. नीट करायचं तर दिवा साबणानं धुऊन, भोवतीच्या रंगावर चिकटपट्टी लावून, पाण्याचा पॉलिशपेपर १०००, मग १५००, मग २००० नंबरचा असा चढत्या क्रमानं घासायचा, पॉलिश करायचं आणि वर उन्हापासून जपणारा थर द्यायचा. हा शेवटचा थर टाळला, तर सगळी मेहनत वाया. मात्र आतला चकचकीत आरसाच उडाला असेल, तर घासून उपयोग नाही. तो दिवा बदलावा.

दुसरं, तारांतली गळती. बॅटरी चांगली असली तरी जुन्या वायरी, गंजलेली अर्थिंगची जोडणी नि जळका होल्डर ह्यांत वीज वाटेतच अडते. बल्बपाशी व्होल्टेज १० टक्के कमी पोचलं, तर हॅलोजनचा उजेड साधारण ३० टक्के घटतो! चाचांनी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि बल्बपाशी मीटर लावून दाखवलं. मग अर्थिंगचा गंज घासून काढला, होल्डर बदलले आणि जाड वायरीचा, रिले असलेला जोड बसवला.

तिसरं, म्हातारे बल्ब. नवे घातले ते मूळचेच, ६०/५५ वॅटचे, आणि दोन्ही एकदम. काही दुकानदार १००/९० वॅटचे घ्या म्हणतात. घेऊ नका. जुन्या वायरीला तो भार सोसत नाही. होल्डर वितळतात, वायरी तापून आग लागण्याचं भय. बल्बच्या काचेला बोटही लावायचं नाही बरं का! बोटाचं तेल लागलं की तेवढी जागा जास्त तापून बल्ब लवकर जातो. स्वच्छ फडक्यानं धरावा.

चौथं, दिव्यांची नजर. हे तर घरच्या घरी तपासता येतं. टायरमध्ये हवा नीट भरून, सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी समोरासमोर उभी करा. दिव्यांची उंची पट्टी बदलायचं बटण असेल तर ते शून्यावर ठेवा आणि एकजण चालकाच्या जागी बसा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूनं तेवढ्याच उंचीवर रेघ ओढा. आता डिप्पर लावा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. डाव्या बाजूला ती थोडी वर चढलेली दिसेल. ते बरोबरच आहे. आपण डावीकडून चालवतो, म्हणून कडेनं जाणारा माणूस दिसावा अशी ती सोय. आमचा एक दिवा पाहाल तर आकाशातले तारे मोजत होता! चाचांनी स्क्रू फिरवून तो जमिनीवर आणला.

ह्या सगळ्याला त्या पांढऱ्या बल्बांहून फार जास्त पैसे लागले नाहीत. शिवाय १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा फेरफार करू देत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आणखी एक गोष्ट मात्र माझ्या अखत्यारीतली. समोरच्या काचेला आतून धुळीचा नि वाफेचा पातळ थर बसतो. दिवसा कळत नाही, पण रात्री समोरचा उजेड त्यावर पसरतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं आठवड्यातून एकदा पुसून घेते. आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. ते म्हणतात, एवढ्यानंसुद्धा फरक पडला. वय झालेल्या डोळ्यांना झगमगाटातून सावरायला जास्त वेळ लागतो, हे आपण तरण्याताठ्या माणसांनी विसरू नये.

आणि समोरच्यानं अप्पर लावलाच, तर सूड म्हणून आपणही लावायचा नाही. वेग कमी करावा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी आणि त्याला जाऊ द्यावं. दोघंही आंधळे होऊन कुणाचं भलं?

दिवे बसवून झाले त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, "आता परीक्षा मी घेणार." त्याच वळणावर, रस्त्याच्या कडेला चांगली आत सरकून स्कूटर घेऊन उभी राहिले आणि ह्यांना समोरून डिप्परवर यायला सांगितलं. गाडी आली. उजेड माझ्या पायांपाशी राहिला. कड दिसत होती, पुलाचा कठडा दिसत होता. गाडी थांबवून ह्यांनी विचारलं, "मी दिसतो का?" म्हटलं, "तुम्हीही दिसताय आणि रस्ताही दिसतोय." ह्यांनी पहिल्यापेक्षा कमी दिसतं अशी तक्रार केली नाही, उलट कडेचा मैलाचा दगड आता लांबूनच दिसला म्हणाले.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी जेवणं आटोपली की अंधारात एक भिंत नि खडू शोधा. गाडी घरच्यांपैकी कुणीही चालवत असो, रेघ तुम्ही ओढा. आणि एकदा समोर उभ्या राहून स्वतःच्या डोळ्यांनी आपल्या गाडीचा उजेड पाहा. चालकाच्या जागेवरून तो कळत नाही.