नवा लॅपटॉप आला, पण ऑफिसचं लायसन्स नक्की कुणाचं?

राजोडीतला माझा मावसभाऊ सोनचाफ्याचा हिशोब ठेवतो. त्याच्या आणि आजूबाजूच्या चार-पाच वाड्यांची फुलं पहाटेच्या लोकलने दादरला जातात. कुणाचा किती चाफा गेला, काय भावाने गेला, ते सगळं एका एक्सेल फाइलमध्ये. महिन्याच्या शेवटी पैसे त्यावरूनच वाटले जातात, म्हणजे ती फाइल उघडली नाही तर भांडणं ठरलेली.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि त्याच दिवशी ऑफिस 2016 आणि 2019 चाही. दादाकडे नेमकं विंडोज 10 आणि ऑफिस 2016. प्रोसेसर सहाव्या जनरेशनचा, त्यामुळे विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. विंडोज 10 ला नावनोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतात, पण समुद्राच्या खाऱ्या हवेने ते मशीन तसंही कुरकुरायला लागलं होतं. दादाने नवा लॅपटॉप घेतला आणि मला फोन आला, "अरे, ते ऑफिस इकडे टाकून दे ना."

इथेच बहुतेकांची गल्लत होते. ऑफिस म्हणजे काही फोटोंचा फोल्डर नाही, की पेन ड्राइव्हवर घेतला आणि चिकटवला. तुम्ही विकत घेता ते वापरायचं लायसन्स, आणि त्याचे प्रकार आहेत. मशीनसोबत कंपनीने टाकून दिलेलं असेल तर ते त्या मशीनसोबतच संपतं. वेगळा डबा किंवा की विकत घेतली असेल तर ते रिटेल. हे तुमच्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेता येतं, जुन्यावरून काढून टाकायचं आणि असं 90 दिवसांतून एकदाच करायचं. 2013 च्या ऑफिसमध्ये मायक्रोसॉफ्टने आधी हीसुद्धा सोय काढून घेतली होती. लोकांनी ओरड केल्यावर त्याच वर्षी मार्चमध्ये परत दिली. मायक्रोसॉफ्ट 365 चं सबस्क्रिप्शन असेल तर प्रश्नच नाही, नव्या मशीनवर साइन इन केलं की झालं.

आपलं कुठलं, हे ओळखायला ऑफिसच्या फोल्डरमध्ये 'ओएसपीपी' नावाची छोटी स्क्रिप्ट असते. कमांड प्रॉम्प्टमधून ती 'डीस्टेटस' लावून चालवायची. दादाच्या मशीनवर उत्तर आलं: व्हॉल्यूम, केएमएस क्लायंट. हा प्रकार मोठ्या कंपन्या आणि संस्थांसाठी असतो, फुलांच्या वाडीसाठी नव्हे. ज्या दुकानातून मशीन घेतलं होतं तिथल्या बिलावर फक्त 'सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन' लिहिलेलं. "पण मी तर पैसे दिले होते," दादा म्हणाला. दिले होते, पण लायसन्सचे नव्हते. न्यायला काही नव्हतंच. (तुमच्याही बिलावर ऑफिसचं नाव वेगळं लिहिलंय का, ते एकदा बघा.)

पण फाइली त्याच्याच होत्या, त्यावर कुणाचं लायसन्स नसतं. मग मोफत काय? सध्या झोहोची चर्चा जोरात आहे. सप्टेंबर 2025 मध्ये अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोवर जात असल्याचं जाहीर केलं आणि ऑक्टोबरमध्ये शिक्षण मंत्रालयानेही अधिकाऱ्यांना झोहो ऑफिस वापरायला सांगितलं. चांगलंय, पण ते मुख्यतः नेटवर चालणारं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेट हातात हात घालून जातात. शिवाय 'स्वदेशी' आणि 'मुक्त' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, झोहो हे ओपन सोर्स नाही.

मी लिब्रेऑफिस टाकलं. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून वेगळं झालेलं, पूर्ण मोफत, ऑफलाइन, आणि मेनूसुद्धा मराठीत करता येतो. जर्मनीतलं श्लेस्विग-होल्श्टाइन हे राज्य आपले सुमारे 30,000 सरकारी कॉम्प्युटर याच्यावर नेतंय, त्यामुळे हे हौशी लोकांचं खेळणं राहिलेलं नाही. हिशोबाची फाइल उघडली, बेरजा जुळल्या. सेटिंगमध्ये जाऊन फाइल नेहमी एक्सेलच्या फॉरमॅटमध्येच सेव्ह होईल असं करून दिलं, नाहीतर दादरचा व्यापारी "उघडत नाही" म्हणून फोन करणार.

अडलं ते मराठीवर. जुनी पत्रं डीव्हीबी सुरेख फॉन्टमध्ये होती, नव्या लॅपटॉपवर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. हा दोष लिब्रेऑफिसचा नाही, नव्या वर्डमध्येही हेच दिसलं असतं, कारण ते फॉन्ट युनिकोड नाहीत. जुन्या मशीनवरून फॉन्ट कॉपी केला, आणि जी पत्रं पुन्हा लागणार ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणली. जोडाक्षरं मात्र हाताने तपासावी लागली. मंगल फॉन्टही विंडोज 11 मध्ये आपोआप असेलच असं नाही, मराठी भाषा जोडली की येतो.

एक गोष्ट अजून लिब्रेऑफिसमध्ये होत नाही. इन्कम टॅक्सची एक्सेल युटिलिटी मॅक्रोवर चालते आणि तिला खरं एक्सेलच लागतं. दादाचा रिटर्न आता आम्ही पोर्टलवर ऑनलाइनच भरणार. जुना डेस्कटॉप नेट काढून कोपऱ्यात ठेवलाय, तो अजून टाकून देऊ नको असं मी त्याला सांगितलंय.