मुलाखतीची खोली आणि स्वमग्न उमेदवार

फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा–कळंब रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले आणि चिंतामणीच्या कळंबाहून नोकरीसाठी वर्ध्याकडे जाणाऱ्या तरुणाला आणखी एक वाट मिळाली. त्या वाटेच्या टोकाला मात्र एक बंद दाराची खोली असते. टेबलापलीकडे तीन-चार अपरिचित माणसे, डोक्यावर घरघरणारा पंखा, आणि पहिलाच प्रश्न : 'स्वतःविषयी काहीतरी सांगा.' स्वमग्न उमेदवाराच्या दृष्टीने निम्मा निकाल येथेच लागलेला असतो. 'काहीतरी' म्हणजे नेमके काय, हे त्याला कोणी सांगत नाही. तो अर्थ शोधत थांबतो. ते थांबणे 'उत्तर येत नाही' अशा सदरात जमा होते.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली बाल्टिमोर येथे स्वमग्नतेचे वर्णन केले ते ११ मुलांच्या निरीक्षणावरून. त्यामुळेच की काय, हा बालकांचा प्रश्न आहे अशी समजूत रूढ झाली. ही मुले मोठी होतात, त्यांतील कित्येक पदव्या घेतात आणि त्यांनाही पोट असते, याचा विसर पडला. तालुक्याच्या गावी अशा माणसाला बहुधा निदान मिळत नाही, विशेषण तेवढे मिळते : एककल्ली, घुमा, तुसडा. मुलगी असेल तर 'लाजाळू' म्हणून विषय संपतो.

मुलाखतीत वस्तुतः कशाची परीक्षा होते? नजरेला नजर देणे, वेळेवर हसणे, प्रश्नामागचा न बोललेला हेतू ओळखणे, आणि स्वतःची थोडी बढाई मारणे. 'तुमच्यातील दोष कोणता?' या प्रश्नाला दोषाच्या वेषातला गुण सांगायचा असतो, हा संकेत सराईतांना ठाऊक असतो. स्वमग्न उमेदवार खरोखरीचा दोष सांगून मोकळा होतो. प्रामाणिकपणाबद्दल गुण कापण्याची ही तऱ्हा मोठी विलक्षण म्हटली पाहिजे! वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवणे ही आपल्या खेड्यांत कालपरवापर्यंत रीत होती. तीच गोष्ट शहरातील कचेरीत आत्मविश्वासाचा अभाव ठरते. तेव्हा ही चाळणी केवळ स्वमग्नांना अडवते असे नव्हे. ज्यांच्या घरात इंग्रजी वळणाचे बोलणे नाही, त्या सर्वांनाच ती कमीअधिक अडवते.

अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेली उपपत्ती या संदर्भात उपयोगी पडते. उमेदवार कामाला कसा निघेल हे मालकाला आधी दिसत नाही, म्हणून तो बाहेरच्या खुणांवरून अंदाज बांधतो. परंतु खूण विश्वासार्ह ठरते ती केव्हा? ती कमावण्याचा खर्च कुशल माणसाला कमी आणि अकुशल माणसाला अधिक पडत असेल तेव्हाच. चटपटीत बोलण्याची खूण स्वमग्न माणसाला अतोनात महाग पडते, आणि हिशेब तपासण्याच्या, नोंदी ठेवण्याच्या वा यंत्र दुरुस्त करण्याच्या त्याच्या कौशल्याशी त्या खर्चाचा काडीचाही संबंध नसतो. नोआ सॅसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास हेच दाखवतो. स्वमग्न व्यक्तींच्या छोट्या चित्रफिती पाहणाऱ्यांनी क्षणार्धात त्यांच्याविषयी प्रतिकूल मत बनवले. त्याच व्यक्तींचे बोलणे केवळ लिहून वाचावयास दिले, तेव्हा ते प्रतिकूल मत उरले नाही.

मुलाखतीविषयीचा संशय आपल्याकडे नवा नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाने प्रवेशासाठी १५० पैकी ५० गुण तोंडी परीक्षेला ठेवले होते. अजय हासिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाण मनमानी ठरवले आणि तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून अधिक गुण नसावेत असे म्हटले. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून अराजपत्रित 'ब' गट आणि त्याखालील पदांच्या मुलाखती बंद केल्या. महाराष्ट्रानेही तोच मार्ग धरला. हेतू वशिलेबाजीला आळा घालण्याचा होता. स्वमग्नांचा विचार त्यात कोणी केला नव्हता, तरी आडवाटेने लाभ त्यांनाही झाला. मात्र कायम पदांऐवजी मानधनावर कंत्राटी माणसे घेण्याची प्रथा जशी वाढते, तशी 'थेट मुलाखत' ही जाहिरात मागच्या दाराने परत येते. कामगार चळवळीने कंत्राटी पद्धतीवर बोलताना ही बाजूही मांडावयास हवी.

कायदा आहे. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश झाला. सरकारी आस्थापनांतील ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांत मिळून आहे. त्यासाठी किमान ४० टक्के अक्षमतेचा दाखला लागतो. ज्याला गावात निदानच मिळाले नाही, त्याने दाखला आणावा कोठून? याहून महत्त्वाचे कलम दुर्लक्षित राहते : वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव होय, असे कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे.

वाजवी सोय म्हणजे काही राजेशाही थाट नव्हे. प्रश्नांचे विषय आठवडाभर आधी कळवावेत, एका वेळी एकच नेमका प्रश्न विचारावा, वेळ ठरवून द्यावी व ती पाळावी, गोंगाट नसलेली खोली असावी, आणि शक्य तेथे बोलण्याऐवजी प्रत्यक्ष काम करून दाखवू द्यावे. डेन्मार्कमध्ये २००४ साली स्थापन झालेल्या स्पेशलिस्टर्न या संस्थेने मुलाखतीऐवजी हाताने काम करून दाखवण्याचीच पद्धत स्वीकारली. इतर उमेदवारांवर अन्याय होईल असा आक्षेप येईल. तर विषय सर्वांनाच आधी कळवावेत, त्याने कोणाचे बिघडणार आहे?

तालुक्यातील कार्यकर्त्याला यात करण्याजोगे पुष्कळ आहे. मुलाखतीआधी उमेदवारासोबत जाऊन ती इमारत, तो जिना, ती बाकडी पाहून यावीत. मोघम प्रश्न आल्यास 'शिक्षणाविषयी सांगू की अनुभवाविषयी?' असे उलट विचारण्याचा, आणि 'क्षणभर विचार करून सांगतो' असे म्हणण्याचा सराव करून घ्यावा. केलेल्या कामाचे नमुने बरोबर द्यावेत. स्वमग्नता उघड करावी की नाही, हा निर्णय सर्वस्वी त्याचा. त्यात घरच्यांनी वा कार्यकर्त्यांनी परस्पर पुढाकार घेऊ नये. त्याने होकार दिला, तर सोयींची मागणी तोंडी न करता पदाचे नाव व तारीख घालून लेखी करावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्यावी. सरकारी कार्यालयाने सोय नाकारली, तर तेथील तक्रार निवारण अधिकाऱ्यापुढे पहिल्यांदा तीच पोच ठेवावी लागते.