कुंपणाचा हिशेब आधी जागेवर, मग बाजारात

घराभोवतीच्या आवारास कुंपण घालणे हे काम वरवर पाहता किरकोळ वाटते. विहीर खणावयाची किंवा गोठा बांधावयाचा म्हटला, की शेतकरी चार जाणत्यांस विचारतो. कुंपणासाठी मात्र अंदाजाने खांब व तार आणली जाते. परिणामी कोठे साहित्य उरून गंजत पडते, तर कोठे एका बाजूचे कुंपण अपुरे राहते. तीन बाजूंनी पक्के आणि चौथीकडून उघडे असलेले कुंपण शेळीला अडवू शकत नाही. शेवटच्या थोड्या पैशांअभावी आधी घातलेला सर्व पैसा वाया जातो. म्हणून साहित्याचा अंदाज मालकाने स्वतः, जागेवर दोरी धरून करावा; तो दुकानदारावर सोपवू नये.

पहिली गोष्ट म्हणजे कुंपणाचा खर्च गुंठ्यांवर नसून परिघावर अवलंबून असतो. ६६ फूट लांब व ६६ फूट रुंद आवार ४ गुंठ्यांचे भरते व त्याचा परीघ २६४ फूट होतो. १३२ फूट लांब व ३३ फूट रुंद आवारही ४ गुंठ्यांचेच, पण त्याचा परीघ ३३० फूट. शेजाऱ्याचे आवार तेवढ्याच गुंठ्यांचे आहे म्हणून त्याच्याइतकेच साहित्य आणणे, ही मोठीच चूक होय. मोजमाप करताना लगतच्या मालकास बोलवावे. हद्दीविषयी शंका असल्यास आधी रीतसर मोजणी करून घ्यावी. चुकीच्या जागी रोवलेल्या खांबाएवढा महाग खांब दुसरा नाही.

वरील चौरस आवारास १० फुटांचे फाटक ठेवले, तर २५४ फूट कुंपण उरते. दोन खांबांमधील गाळा जास्तीत जास्त ८ फूट धरावयाचा आहे. पुष्कळ जण २५४ ला ८ ने भागून ३२ खांब आणतात. येथेच हिशेब फसतो, कारण प्रत्येक कोपऱ्यावर खांब यावाच लागतो. म्हणून प्रत्येक बाजू वेगळी मोजावी. ६६ फुटांच्या बाजूस ८ गाळे पुरत नाहीत, ९ घ्यावे लागतात. तीन बाजूंचे २७ झाले. फाटकाच्या बाजूस ५६ फुटांत ७ गाळे बसतात. एकूण गाळे ३४ आणि खांब गाळ्यांपेक्षा एक अधिक, म्हणजे ३५. त्यांपैकी ४ कोपऱ्यांचे व २ फाटकाचे खांब जाड हवेत, कारण तारेचा सारा ताण तेच झेलतात. प्रत्येक कोपऱ्यास दोन व फाटकाच्या प्रत्येक खांबास एक, असे १० तिरपे टेकू वेगळे धरावेत. टेकू गाळले, की पहिल्याच पावसाळ्यात कोपरा आत झुकतो व तार सैल पडते.

तारेच्या चार ओळींना १,०१६ फूट तार लागते. गुंडाळणे व जोड यांसाठी शेकडा ५ वाढवून ती सुमारे १,०६७ फूट, म्हणजे ३२५ मीटर होते. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी आवार फुटांत मोजले जाते व तार किलोवर विकली जाते. यास्तव, ज्या गेजची तार घ्यावयाची तिच्या एका किलोत किती मीटर भरते, हे आधी विचारावे. १० मीटर भरत असेल तर साडेबत्तीस किलो लागेल. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हेही ध्यानी ठेवावे. स्वस्त भावाची तार पुष्कळदा अशीच बारीक निघते.

सिमेंट कोठे घालावे, याचाही विचार हवा. एक फूट लांब-रुंद व दोन फूट खोल असे ३५ खड्डे एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू व सहा भाग खडीच्या मिश्रणाने भरल्यास सुमारे ९ पोती सिमेंट लागते. कोपरे व फाटकाचे ६ खड्डेच तसे भरल्यास २ पोत्यांत भागते. बाकीचे खांब दगड व मुरूम घालून, थराथराने धुमसून बसवावेत. काळ्या जमिनीत ही धुमसणी विशेष काळजीने करावी, कारण ती माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते.

चार ओळी तार परवडत नसेल, तर कर्ज काढून ती घेण्यापेक्षा दोन ओळी तार व तिच्या आधाराने सजीव कुंपण हा मार्ग अधिक शहाणपणाचा होय. अडुळसा व निरगुडी यांस शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत आणि पावसाळ्याच्या आरंभी त्यांची फाटी लावता येतात. एकेक फुटावर दोन ओळी लावल्यास ५०८ फाटी लागतील. मर धरून ६०० तयार ठेवावीत. शेर हाही काटक आहे, पण त्याचा चीक डोळ्यांस घातक असल्याने मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ तो लावू नये. झाडे दाट होईपर्यंत मोकळ्या भागांत काटेरी फांद्या खोवाव्या लागतील. त्या दरवर्षी वाळवीस बळी पडतात. म्हणून त्यांवर कायमची भिस्त ठेवता येत नाही.

ग्रामसेवकांनी या कामी दोरी, चार खुंट्या व एक कागद एवढेच घेऊन शेतकऱ्याच्या आवारात तासभर द्यावा. खांब, टेकू, तार व सिमेंट यांचे आकडे कागदावर मांडून मगच शेतकऱ्याने तालुक्याची वाट धरावी. बेरीज ऐपतीबाहेर गेली, तर तारेच्या ओळी कमी कराव्यात. खांब व टेकू मात्र कमी करू नयेत. तार पुढे केव्हाही वाढविता येते. झुकलेला कोपरा मात्र पुन्हा उकरावाच लागतो.